विश्लेषण : एक कागद, आठ पाने आणि स्वतःचे मत... ‘झीन’ म्हणजे काय? श्रीवर्धनमध्ये ते कसे करता येईल?

एक ए-फोर कागद, काळे पेन, कात्री आणि झेरॉक्सचे दुकान. एवढ्यावर आठ पानांचे पुस्तक तयार होते. त्याला प्रकाशक लागत नाही, संपादकाची मान्यता लागत नाही आणि मोबाइलची रेंजही लागत नाही. जगभर ‘झीन’ या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार अलीकडे महानगरांतल्या कला महोत्सवांत दिसू लागला आहे. पण तो फक्त महानगरांचा नाही आणि मराठीला तर मुळीच नवा नाही. श्रीवर्धनसारख्या किनाऱ्यावरच्या तालुक्याच्या गावी स्वतःला पटलेली गोष्ट हाताने लिहून वाटायची झाली, तर त्यात काय काय येते?

झीन म्हणजे नेमके काय?

‘मॅगझिन’ या शब्दाचे शेपूट म्हणजे ‘झीन’. अमेरिकेत विज्ञानकथांचे वेडे वाचक १९३०च्या दशकात स्वतःच्या हौशी पत्रिका काढून एकमेकांना टपालाने पाठवत असत. त्या पत्रिकांसाठी १९४० मध्ये लुई रसेल शॉव्हने या वाचकाने ‘फॅन’ आणि ‘मॅगझिन’ जोडून ‘फॅनझीन’ हा शब्द घडवला. पुढे त्यातला ‘फॅन’ गळाला आणि झीन उरले.

व्याख्या अगदी साधी आहे. लिहिणारा, चित्रे काढणारा, छापणारा आणि वाटणारा बहुधा एकच माणूस असतो. प्रती थोड्या, दहा-वीसपासून काही शेपर्यंत. नफा हा हेतू नसतो. अंक ठरलेल्या तारखेला निघेलच असे नाही आणि दुसरा अंक निघेल याचीही हमी नसते.

तंत्र स्वस्त झाले तसे झीन पसरले. झेरॉक्स कंपनीचे ९१४ हे यंत्र १९५९ मध्ये आले आणि कचेरीतले कागद जसेच्या तसे उतरवून घेण्याची सोय झाली. ती सोय कचेरीपुरती राहिली नाही. लंडनमध्ये १९७६ साली मार्क पेरी या तरुणाने पंक संगीतावर ‘स्निफिन ग्लू’ काढले. त्यात मजकूर टंकलेला आणि शीर्षके जाड मार्करने खरडलेली होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मुलींनी लैंगिक अत्याचार, शरीर, संगीतातली पुरुषशाही यांवर झीन काढली. वर्तमानपत्रे जे विचारत नव्हती, ते त्यांनी एकमेकींना विचारले. सोव्हिएत रशियात हीच गोष्ट जिवावर बेतणारी होती. तिथे टाइपरायटरमध्ये कार्बन पेपर घालून एका वेळी चार-सहा प्रती काढत आणि वाचणारा पुन्हा तितक्याच प्रती टंकून पुढे देत असे. मानवी हक्कांच्या पायमल्लीची नोंद ठेवणारे त्यांचे एक पत्रक १९६८ पासून पुढे अनेक वर्षे असेच निघत राहिले.

मराठीत हे नवे आहे का?

नाही. मराठीत त्याला शब्दही आहे आणि तो ‘झीन’पेक्षा नेमका आहे : अनियतकालिक.

श्रीवर्धनवरून हरिहरेश्वर, तिथून बागमांडला आणि फेरीबोटीने खाडी ओलांडून वेसवी, की रत्नागिरी जिल्हा सुरू होतो. पुढे दापोली तालुक्यात पालगड आहे, साने गुरुजींचे जन्मगाव. ‘श्यामची आई’मुळे हे गाव साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. गुरुजींनी हाताने काढलेले दैनिक मात्र त्या मानाने फारसे कोणाच्या लक्षात नाही. १९२४ पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि तिथल्या वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. त्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतःच्या हाताने लिहीत. वाचक म्हणजे वसतिगृहातली मुले, आणि लेखक, संपादक, मुद्रक सबकुछ गुरुजी. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक. आज पाऊणशे वर्षांनंतरही निघणाऱ्या ‘साधना’ची सुरुवात शोधत मागे गेले, तर वसतिगृहातल्या त्या हस्तलिखितापर्यंत पोहोचता येते.

त्याच काळात रायगड जिल्ह्यातल्या महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघाले. ते छापील होते, हाताने लिहिलेले नव्हते. पण त्यातला बहुतांश मजकूर बाबासाहेबांना एकट्यालाच लिहावा लागे. ज्याची बाजू कोणी छापत नाही, त्याने स्वतःचा कागद काढायचा, हा या परंपरेचा खरा धागा आहे.

तो धागा सर्वांत ठळक दिसतो १९५० ते १९७०च्या दशकांतल्या मुंबईत. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांच्या गटाने १९५०च्या दशकाच्या मध्यास ‘शब्द’ काढले, तेही सायक्लोस्टाइल करून. सायक्लोस्टाइल हे तंत्र आता पाहायला मिळत नाही, म्हणून थोडे त्याविषयी. मेण लावलेल्या पातळ कागदावर, म्हणजे स्टेन्सिलवर, टोकदार लेखणीने लिहायचे किंवा फीत काढलेल्या टाइपरायटरने टंकायचे. अक्षराच्या जागी मेण निघते. मग ते स्टेन्सिल शाईच्या रुळावर चढवायचे आणि हँडल फिरवत एकेक कागद काढायचा. काही शे प्रती निघेपर्यंत स्टेन्सिल थकते आणि अक्षरे भरून येतात. चूक झाली तर लाल द्रव लावून ती बुजवायची आणि वर पुन्हा लिहायचे. शाळांच्या प्रश्नपत्रिका, युनियनची पत्रके आणि नवी मराठी कविता अशी सगळी या एकाच यंत्रातून निघत होती.

पुढे अशोक शहाणे यांचे ‘असो’ आले, भालचंद्र नेमाडे यांचे ‘वाचा’, राजा ढाले यांची ‘येरू’ आणि ‘चक्रवर्ती’. शिवाय ‘फक्त’, ‘अबकडई’ आणि कितीतरी नावे. ‘सत्यकथा’ हे तेव्हाचे प्रतिष्ठित मासिक कोणाला लेखक मानते, कोणाला मानत नाही, यावर या तरुणांचा राग होता. ढाले यांनी ‘सत्यकथेची सत्यकथा’ लिहिली आणि पुढे अंकाची होळीही झाली. आज यातले बरेच लेखक अभ्यासक्रमात आहेत. त्यातलेच एक कवी, पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले सतीश काळसेकर, यांची अखेर याच जिल्ह्यात, पेणला, जुलै २०२१ मध्ये झाली.

हे अंक वाचणारे मोजकेच होते. मग त्यांचा परिणाम एवढा का झाला? कारण छोट्या कागदावर जी भाषा आणि जो निर्भयपणा तयार झाला, तो मोठ्या कागदावर गेला. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १५ ऑगस्ट १९७२च्या ‘साधना’त राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. राष्ट्रध्वजाच्या अपमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला होणारी शिक्षा यांची तुलना त्यात होती. महाराष्ट्रभर वादळ उठले. दलित पँथर त्याच वर्षी स्थापन झाली आणि या लेखाने ती घराघरांत पोहोचली. अनियतकालिकांत हात साफ झालेल्या माणसाचा लेख गुरुजींच्या साप्ताहिकात यावा, हा योगायोग असेल. पण दोन्ही प्रवाह हाताने काढलेल्या कागदातूनच आले होते.

मत मांडायला फोन हातात असताना कागद कशाला?

प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सअॅपवर एका बोटात दोनशे जणांपर्यंत मजकूर जातो, झेरॉक्सला पैसे पडतात.

पण फॉरवर्डचा लेखक बहुधा कोणीच नसतो. पुढे पाठवणारा ‘मी फक्त पाठवले’ म्हणून मोकळा होतो. झीनमध्ये ती पळवाट नाही. अक्षर स्वतःचे, चित्र स्वतःचे, शुद्धलेखनाच्या चुकाही स्वतःच्या. शिवाय ते समोरच्याच्या हातात द्यावे लागते. ज्या गावात प्रत्येक जण कोणाचा तरी चुलता, मेहुणा किंवा वर्गमित्र असतो, तिथे एवढी गोष्टही सोपी नसते. झीनचे खरे वजन तिथेच आहे. मुंबईत अनोळखी माणसाला मत सांगणे आणि श्रीवर्धनमध्ये रोज भेटणाऱ्याला ते लिहून देणे, यांत फार अंतर आहे.

दुसरे कारण व्यवहाराचे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन तालुक्यात झाडे, पत्रे, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावांत बरेच दिवस ना वीज होती, ना मोबाइल नेटवर्क. सगळे बोलणे फोनमध्ये साठवलेल्या पिढीला तेव्हा पहिल्यांदाच कळले, की चार्जिंग संपले की आपले म्हणणेही संपते.

श्रीवर्धनमध्ये आठ पानांत काय मावेल?

झीन करायला बसलेला नवखा माणूस बहुधा ‘पर्यावरण वाचवा’, ‘मुलगी शिकवा’ यापासून सुरू करतो. ही मते नाहीत, भिंतीवरच्या पाट्या आहेत. त्यांना कोणी विरोध करत नाही आणि म्हणून कोणी वाचतही नाही. साधी कसोटी अशी : ज्या वाक्याला स्वतःच्या घरातलेच कोणीतरी ‘हे नको लिहूस’ म्हणेल, ते मत.

श्रीवर्धनमध्ये अशा वाक्यांची वाण नाही. रोठा सुपारीसाठी हे गाव ओळखले जाते. वादळाने ज्या वाड्या आडव्या केल्या, तिथे पुन्हा सुपारी लावायची, तर रोपापासून भरीव उत्पन्न मिळेपर्यंत सहा-सात वर्षे जातात. मग सुपारीच लावायची, की तेवढ्या जागेत पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या? वडिलांचे एक मत, मुंबईहून परतलेल्या मुलाचे दुसरे, आणि वाडीत रोज राबणाऱ्या आईला कोणी विचारलेलेच नसते. हा एका झीनचा पूर्ण विषय आहे. त्यात आकडे हवेत, म्हणजे किती झाडे होती, किती पडली, किती उरली. वाडीचा हाताने काढलेला नकाशा हवा. आणि शेवटी ‘मला असे वाटते’ हे एक वाक्य हवे, कारण सांगून.

किंवा गावाच्या ओळखीचा प्रश्न घ्या. बाळाजी विश्वनाथांच्या भट घराण्याचे हे गाव म्हणून पेशवे स्मारक दाखवले जाते आणि ते बरोबरच आहे. पण मासेमारी करणारे कोळी, किनाऱ्यावरची मुस्लीम घरे, वाड्यांत राबणारे मजूर यांच्या आठवणींचा नकाशा काढला, तर तो त्याच स्मारकापाशी सुरू होईल का? किंवा अगदी खासगी गोष्ट. ‘उपास मी का सोडला’, ‘मी अजून उपास का करते’. दोन्ही झीन तितकीच चांगली होऊ शकतात. श्रद्धा आहे की नाही, यापेक्षा ती कशी आली किंवा कशी गेली, हे लिहिले तर वाचणारा थांबतो.

उपदेशाने मात्र झीन मरते. आठ लहान पानांत जागाच इतकी कमी असते, की ‘आपण सर्वांनी’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक वाक्याने एक खरा तपशील बाहेर ढकलला जातो.

एका कागदाचे पुस्तक कसे होते?

ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. त्याच्या आठ सारख्या घड्या पाडल्या, की प्रत्येक पान साधारण ७४ बाय १०५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या खिशात बसणारे होते.

कागद आडवा ठेवून आधी लांबीच्या बाजूने मधोमध घडी घालायची आणि उघडायची. मग रुंदीच्या बाजूने मधोमध, आणि तशीच आणखी एक घडी. पूर्ण उघडल्यावर आठ चौकोन दिसतात. आता कागद रुंदीच्या बाजूने एकदाच दुमडायचा आणि दुमडलेल्या कडेकडून मधल्या रेषेवर, पहिली आडवी घडी येईपर्यंत, कात्री चालवायची. उघडल्यावर कागदाच्या बरोबर मध्यभागी एक चीर दिसते. कडा कुठेही कापलेल्या नसतात. मग लांबीच्या घडीवर कागद दुमडून दोन्ही टोके एकमेकांकडे ढकलली, की चीर फाकते, अधिकच्या चिन्हासारखा आकार होतो आणि तो एका बाजूला वळवला की पुस्तक तयार. पिन नाही, गोंद नाही.

घोळ होतो तो पानांच्या क्रमात. उघडलेल्या कागदावर एक ओळ सुलटी आणि एक उलटी असते. पाठ करण्यापेक्षा रद्दीचा कागद आधी दुमडून पेन्सिलने एक ते आठ आकडे टाकावेत आणि मग तो उघडून समोर ठेवावा. पहिले पान मुखपृष्ठ आणि आठवे मागची बाजू, म्हणजे आतल्या मजकुराला सहाच पाने. नकलेची सगळी पाने कागदाच्या एकाच बाजूला येतात, त्यामुळे झेरॉक्सही एकाच बाजूने पुरते.

बाकीच्या सूचना झेरॉक्सवाला पहिल्याच दिवशी शिकवतो. पेन्सिल आणि फिकट निळे पेन उमटत नाही, काळे जेल पेन किंवा मार्कर घ्यावा. कागदाच्या कडेचे चार-पाच मिलिमीटर यंत्र सोडून देते, तिथे अक्षर ठेवू नये. फोटो चिकटवला तर काळाकुट्ट येतो, म्हणून त्याऐवजी रेषांचे चित्र बरे. चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडांची सावली उमटते. ती नको असेल तर कडेवर पांढरी शाई फिरवावी. मूळ कागद दुमडायचा नाही आणि कोणाला द्यायचाही नाही. तोच छापखाना.

अक्षर खराब आहे ही सबब चालत नाही. वाचता आले की पुरे.

नाव टाकायचे का? कायदा काय सांगतो?

इथे ‘अनियत’ हा शब्द कामी येतो. १८६७चा जुना कायदा जाऊन आलेला प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ हा १ मार्च २०२४ पासून लागू आहे. ठरावीक अंतराने निघणारे आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांवरील भाष्य असलेले प्रकाशन, अशी त्यात नियतकालिकाची कल्पना आहे. एकदाच काढलेले, पुढचा अंक ठरलेला नसलेले झीन त्यात बसत नाही. पण तेच दर महिन्याला काढून गावातल्या घडामोडींवर भाष्य सुरू केले, तर नोंदणीचा प्रश्न येतो.

निवडणुकीच्या काळात जास्त जपावे लागते. उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात काढलेल्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असणे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२७अ नुसार बंधनकारक आहे. चुकल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कलमात एक गमतीची तरतूद आहे. हाताने नक्कल करणे वगळता प्रती वाढवण्याची कोणतीही पद्धत ‘छपाई’ मानली जाते. म्हणजे झेरॉक्स ही छपाई, पण रात्रभर बसून हाताने उतरवलेल्या प्रती नव्हेत.

मताच्या मजकुराला राज्यघटनेच्या कलम १९(१)(क) चे संरक्षण आहे आणि १९(२) च्या मर्यादाही. समाजगटांत वैर वाढवणे, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे आणि बदनामी यांसाठी भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे १९६, २९९ आणि ३५६ ही कलमे आहेत. ‘फक्त पन्नास प्रती होत्या’ हा बचाव नाही. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या, सभासदांपुरत्या वितरित होणाऱ्या पत्रिकेत छापली गेली होती. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. मे २०१५ मध्ये न्यायालयाने माफी मागितलेल्या प्रकाशकाची आरोपातून सुटका केली, पण कवीवरील खटला रद्द केला नाही. छापल्यापासून निकालापर्यंत २१ वर्षे गेली.

नाव टाकावे की नाही, हे यानंतर ज्याचे त्याने ठरवावे. घरातल्या छळाविषयी लिहिणाऱ्या मुलीने नाव न टाकणे हा भित्रेपणा नाही. दुसऱ्या कोणाचे नाव घेऊन टीका करायची आणि स्वतःचे लपवायचे, हे मात्र बरे नव्हे.

वाटायचे कुठे आणि जपायचे कसे?

महानगरांत त्यासाठी मेळावे भरतात. मुंबईत ‘बॉम्बे अंडरग्राउंड’ या गटाने झीन महोत्सव भरवला आहे. श्रीवर्धनमध्ये तसे काही नसले तरी चालते. पंचवीस प्रती काढाव्यात. दहा ओळखीच्यांना हातोहात द्याव्यात, पाच ज्यांचे मत वेगळे आहे हे माहीत आहे त्यांना. चार-पाच वाचनालयात, सलूनच्या बाकावर, एसटीची वाट पाहणाऱ्यांच्या हातात. उरलेल्या टपालाने. मागच्या पानावर एक चौकोन कोरा ठेवला, तर वाचणारा त्यात उत्तर लिहून परत देऊ शकतो. पुढचे झीन बऱ्याचदा तिथूनच सुरू होते.

जपण्याचा प्रश्न किनाऱ्यावर अवघड आहे. सायक्लोस्टाइलच्या काळातले कितीतरी अंक आज मिळत नाहीत, कारण कागद हलका होता आणि ते जपून ठेवावेत असे काढणाऱ्यांनाही वाटले नव्हते. खाऱ्या हवेत स्टेपलरची पिन एका पावसाळ्यात गंजते आणि पानावर तांबडा डाग पडतो. बिनपिनेच्या घडीचा हा अनपेक्षित फायदा. इंकजेट प्रिंटरची शाई ओल लागली की पसरते, झेरॉक्सचा टोनर कागदावर वितळवून बसवलेला असल्याने टिकतो. मूळ कागद दुमडल्याशिवाय प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावा, सोबत कडुनिंबाची वाळलेली पाने कसरीसाठी. आणि एक प्रत गावाबाहेर, पुण्या-मुंबईच्या मावशीकडे का होईना, पाठवून द्यावी. मागे कोपऱ्यात तारीख घालायला विसरू नये.